नाव, गाव आणि बेस

कळंगुट किंवा हणजूणच्या कुठल्याही दुकानात जमैकाच्या रेगे संगीताचा गायक बॉब मार्ली हँगरला लटकलेला दिसतो. लाल-पिवळे-हिरवे पट्टे, जटा, ओठांत विडी, आणि खाली 'काळजी करू नका' छापाचा एखादा मजकूर. शेजारच्या हँगरला चे गव्हेरा आणि त्याच्या शेजारी गणपती. तिकडे जमैकाच्या पर्यटन खात्यानं मार्लीचं 'वन लव्ह' आपल्या जाहिरातींतून इतकी वर्षं वाजवलंय, की ऐकणाऱ्याला ते गाणं म्हणजे समुद्र, शहाळं आणि दोन वेळचा बुफे असंच वाटावं.

यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. टी-शर्ट माझ्याकडेही होता. पण या विक्रीयोग्यतेचा मी बराच विचार केलाय. सगळ्यांनी गुण्यागोविंदानं राहावं, असं सांगणारं गाणं कोणालाही वापरता येतं. हॉटेलवाल्याला येतं, मंत्र्याला येतं, ज्याच्यामुळे भांडण लागलं त्यालाही येतं. रेगेमध्ये दुसऱ्या प्रकारचीही गाणी आहेत. त्यांत माणसाचं नाव असतं, रस्त्याचं नाव असतं, कधीकधी पोलीस तुकडीचंही नाव असतं. ती कोणी जाहिरातीला घेत नाही, आणि माझ्या मते ती अजून जिवंत आहेत ती त्यामुळेच.

उदाहरण द्यायचं तर २३ एप्रिल १९७९ चं. लंडनच्या पश्चिमेला साउथॉल, बहुतांश पंजाबी वस्ती. ब्रिटनमधून गोरेतरांना हाकला म्हणणाऱ्या नॅशनल फ्रंट या पक्षानं मुद्दाम तिथल्याच टाउन हॉलमध्ये निवडणुकीची सभा लावली. विरोधात हजारो लोक रस्त्यावर आले. त्यांत ब्लेअर पीच हा ३३ वर्षांचा शिक्षक होता. मूळचा न्यूझीलंडचा, गोरा, पूर्व लंडनमधल्या विशेष मुलांच्या शाळेत शिकवणारा. लाठीमारात त्याच्या डोक्यावर घाव बसला आणि तो गेला. पोलिसांनी आपल्यापुरती चौकशी केली आणि अहवाल कपाटात ठेवला. तो बाहेर यायला २०१० साल उजाडलं. घाव पोलिसाचाच असावा, असं त्यात होतं. खटला मात्र कोणावरच झाला नाही.

पण १९८० मध्येच लिंटन क्वेसी जॉन्सन या जमैकन-ब्रिटिश कवीनं 'रेगे फी पीच' हे गाणं रेकॉर्ड केलं होतं. त्यात पीचचं नाव आहे, आणि स्पेशल पेट्रोल ग्रुप या पोलीस तुकडीलाही नाव घेऊन खुनी म्हटलंय. अहवाल यायच्या तीस वर्षं आधी! पंजाब्यांच्या वस्तीत मेलेल्या गोऱ्या शिक्षकासाठी एक काळा कवी जमैकन बोलीत शोकगीत गातो, यात माणुसकीवर भाषण कुठेही नाही. तिथे फक्त काय घडलं ते आहे.

ही सवय आली कुठून हे कळायला किंग्स्टनच्या गल्ल्यांत जायला हवं. १९५० च्या दशकात तिथल्या गरिबाकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हता, आणि रेडिओ वरच्या लोकांच्या आवडीचं वाजवायचा. म्हणून साउंड सिस्टिम आली. ट्रकमधून माणूसभर उंचीची स्पीकरची खोकी आणायची, मोकळ्या जागेत रचायची, तिकीट लावायचं, बिअर आणि मटण विकायचं. आपल्याकडे विसर्जनाला उभ्या राहणाऱ्या भिंती डोळ्यांसमोर आणल्या तरी चालतील. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे त्यातले बडे मालक. डॉडनं पुढे स्टुडिओ वन काढला आणि मार्ली, पीटर टॉश, बनी वेलर यांच्या वेलर्सना तिथेच पहिली संधी मिळाली. स्का, मग रॉकस्टेडी, आणि १९६८ च्या सुमारास रेगे असा तिथल्या संगीताचा प्रवास झाला. जमैकाचं स्वातंत्र्य १९६२ चं. म्हणजे रेगे जन्मला तेव्हा स्वातंत्र्याचा नवलाव ओसरला होता आणि भाकरीचे प्रश्न तसेच होते.

इथे एक यंत्रणा तयार झाली, तिच्याकडे जरा बारकाईनं बघण्यासारखं आहे. सात इंची तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचं गायनाशिवायचं रूप घालायची पद्धत पडली. त्याला 'व्हर्जन' म्हणत. रेडिओ आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा किंग टबी या व्हर्जनांशी खेळत बसायचा. कुठे आवाज काढून टाक, कुठे प्रतिध्वनी सोड, ड्रम आणि बेस तेवढे ठेव. त्यातून डब आलं. आणि त्या मोकळ्या सुरावटीवर माइक घेऊन बोलणारा माणूस आला, ज्याला तिकडे डीजे म्हणतात. तो काय बोलणार? आठवड्यात जे घडलं ते. कोणाला पोलिसांनी उचललं, पीठ किती महागलं, कोणत्या पुढाऱ्यानं शब्द फिरवला. गाणं आज रेकॉर्ड होऊन थोड्याच दिवसांत गल्लीत वाजू शकत होतं, आणि मध्ये ना संपादक ना रेडिओचा साहेब.

पुढाऱ्यांनाही हे लवकर कळलं. १९७२ च्या निवडणुकीत मायकेल मॅन्ली हातात काठी घेऊन फिरला. ती त्याला इथिओपियाच्या सम्राटाकडून मिळालेली. लोक त्याला बायबलमधला जोशुआ म्हणू लागले. मॅक्स रोमिओची गाणी त्याच्या प्रचारात होती. मॅन्ली निवडून आला, आणि एक-दोन वर्षांतच त्याच मॅक्स रोमिओनं 'नो जोशुआ नो' काढलं: जोशुआ, लोकांना वाटतंय तू त्यांना विसरलास. प्रचारगीत गाणाऱ्यानं पंतप्रधानाला त्याच्या लाडक्या नावानं हाक मारून गल्लीतल्या स्पीकरवरून जाब विचारायचा. आपल्याकडे प्रचारगीत गाणारा पुढे महामंडळावर जातो.

माझे मामा कलापथकात ढोलकी वाजवायचे. आता गुडघ्यांनी साथ सोडलीय, बोटं मात्र शाबूत आहेत. चौदा एप्रिल जवळ आला की गल्लीतली मुलं त्यांच्याकडे सरावाला बसतात. एकदा मुलं गेल्यावर मी त्यांना बर्निंग स्पिअरचा १९७५ चा 'मार्कस गार्वी' अल्बम ऐकवला. इंग्रजी त्यांना बेताचं, जमैकन इंग्रजी तर मलाही निम्मंच कळतं. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "हा सारखं कोणाचं नाव घेतोय?"

"मार्कस गार्वी. त्यांचा पुढारी होता, मामा."

"मग बरोबर आहे. नाव घेतल्याशिवाय कव्वाली रंगत नाही."

मग त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरायचा प्रयत्न केला. 'धा' पहिल्या मात्रेवर टाकत राहिले आणि दर वेळी काहीतरी चुकतंय म्हणून थांबत राहिले. "अरे, याची सम कुठंय?" रेगेत ज्याला 'वन ड्रॉप' म्हणतात त्या ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सोडलेली असते. मोठा ड्रम आणि काठावरची टिचकी दोन्ही तिसऱ्या मात्रेवर पडतात, गिटार उलट्या मात्रांवर कात्रीसारखी चालते, आणि या सगळ्याखालून बेस स्वतःची धून गात असतो. मामांना हे समजायला मिनिटभरही लागलं नाही. "समेवर कोणीच नाही," ते म्हणाले. "यजमान घरात नाही आणि पंगत बसलीय." मग 'धा' तिसरीवर नेला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.

शेवटी म्हणाले, "चिडलेला वाटत नाही."

"चिडलाय, मामा. गुलामीवर गातोय."

"चिडला असेल. पण घाई नाही त्याला."

रेगेवर मी जे काही वाचलंय त्यात इतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. रागाची बहुतेक गाणी पाचव्या वेळेला थकवतात, कारण ती पहिल्या क्षणालाच टिपेला असतात. वन ड्रॉपवरचा राग रात्रभर चालू शकतो. त्यावर नाचता येतं, भांडी घासता येतात, मोर्चात पाय उचलता येतो.

बर्निंग स्पिअर म्हणजे विन्स्टन रॉडनी. तो सेंट ॲन्स बे या गावचा, आणि गार्वीही त्याच गावचा, १८८७ चा जन्म. गार्वीनं काळ्यांच्या स्वाभिमानाची चळवळ उभी केली, अमेरिकेत तुरुंग भोगला, १९२७ मध्ये तिथून हद्दपार झाला, १९४० मध्ये लंडनमध्ये वारला. अमेरिकेनं त्याला माफी दिली जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे मेल्यावर जवळजवळ ८५ वर्षांनी. गार्वीचं आणि ड्यू बॉइस या दुसऱ्या मोठ्या काळ्या विचारवंताचं हाडवैर होतं. याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं: अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत हवी, अस्पृश्यांच्या बाजूनंही तसंच काही करायचं मनात आहे. आणि ड्यू बॉइसचंच पुस्तक वाचून आपल्याला कविता लिहावीशी वाटली, असं लिंटन क्वेसी जॉन्सननं सांगितलंय. ते त्याच्या हाती पडलं लंडनच्या ब्लॅक पँथर चळवळीत. तेव्हा तो शाळकरी पोरगा होता.

अमेरिकेत ओकलंडमध्ये १९६६ ला सुरू झालेल्या मूळ ब्लॅक पँथर संघटनेचं नाव १९७२ मध्ये मुंबईत राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांनी घेतलं, हे आपल्याला पाठ आहे. लंडनच्या पँथरमध्ये एक पुणेकर होता, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. फरुख धोंडी, पुण्यात जन्मलेला पारशी, लंडनमध्ये शाळामास्तर. पुढे दक्षिण लंडनमधल्या ब्रिक्स्टनच्या रेल्टन रोडवर 'रेस टुडे' हे मासिक चालायचं, त्या कंपूत धोंडीही होता आणि जॉन्सनही. तिथे 'काळा' या शब्दात आशियाईही धरले जात. साउथॉलच्या मोर्चावरचं गाणं ब्रिक्स्टनमधून का आलं, याचं उत्तर बरंचसं त्या रस्त्यावर आहे.

जॉन्सनचं मला सर्वांत जवळचं वाटतं ते 'सॉनीज लेटा', १९७९ च्या 'फोर्सेस ऑफ व्हिक्टरी' या अल्बममधलं. ते पत्र आहे. सुरुवातीला चक्क पत्ता वाचला जातो: ब्रिक्स्टन तुरुंग, जेब ॲव्हेन्यू, लंडन. मग 'आई' म्हणून मायना, आणि तुझी तब्येत बरी असेल अशी आशा. हे पत्र कसं लिहू कळत नाही, कारण धाकट्याला सांभाळीन असा शब्द मी तुला दिला होता. संध्याकाळची गर्दी, सॉनी आणि धाकटा जिम बसस्टॉपवर उभे. पोलीस व्हॅन थांबते, तिघे उतरतात, जिमला धरतात. जिम म्हणतो, मी काही केलं नाही. मग मार. पोटात, पाठीत, बरगड्यांत. सॉनी मध्ये पडतो. एकाला डोळ्यावर, एकाला तोंडावर, एकाला नडगीवर. एक पोलीस कचऱ्याच्या पेटीवर आदळतो आणि मरतो. जिमवर संशयाचा आरोप, माझ्यावर खुनाचा. आई, खचून जाऊ नकोस. तुझा, सॉनी.

या सगळ्यात जॉन्सनचा आवाज एकदाही चढत नाही. पोस्टमननं आणलेलं पत्र घरातल्या शिकलेल्या मुलानं वाचून दाखवावं, तसं तो वाचतो. मारामारीच्या ओळींना तेवढं यमक जुळत जातं आणि बेस एकेक ठोसा मोजत जातो.

हा 'संशय' म्हणजे 'सस' कायदा. तो १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यातला एक तुकडा होता. नेपोलियनच्या लढायांनंतर रस्त्यावर आलेले सैनिक आणि भिकारी आवरायला केलेला, आणि दीडशे वर्षांनी काळ्या पोरांवर लावलेला. गुन्हा करायच्या इराद्यानं हिंडतोय असं पोलिसाला वाटलं की पुरे. आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. याच राज्यकर्त्यांनी आपल्याकडे १८७१ मध्ये जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, १९५२ मध्ये तो रद्द झाला, आणि चोरी झाली की पारध्याच्या पालावर जीप अजून जाते. 'संशयावरून ताब्यात घेतले' ही ओळ आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. सॉनीचं पत्र मी ऐकल्यापासून ते पान मला पूर्वीच्या सहजतेनं उलटता येत नाही.

१९८१ मध्ये सस गेला. गाण्यामुळे गेला असं मी म्हणणार नाही. आयांनी चालवलेली मोहीम होती, मोर्चे होते, आणि एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन पेटलं होतं. त्याच वर्षी १८ जानेवारीला न्यू क्रॉस रोडवरच्या एका घरात वाढदिवसाच्या पार्टीत आग लागून तेरा तरुण मुलंमुली मेली. सरकारकडून सांत्वनाचा शब्द लवकर आला नाही. 'तेरा मेले, कोणी नाही बोलले' अशी घोषणा देत २ मार्चला, सोमवारी, कामं टाकून हजारो लोक लंडनभर चालले. जॉन्सननं त्यावरही लिहिलं. मृत्युचौकशी १९८१ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये झाली. दोन्ही वेळा निष्कर्ष खुलाच राहिला. फाइलमध्ये जे मिटलेलं नाही ते गाण्यातही मिटवलेलं नाही.

जमैकातला सर्वांत प्रसिद्ध फोटो २२ एप्रिल १९७८ चा. नॅशनल स्टेडियम, वन लव्ह पीस कॉन्सर्ट. मार्ली मधोमध, एका हातात मॅन्लीचा हात, दुसऱ्यात विरोधी पक्षाच्या सीगाचा, तिन्ही हात वर. दोन्ही पक्षांच्या टोळ्यांनी शहर वाटून घेतलं होतं, मार्लीवरच डिसेंबर १९७६ मध्ये घरात घुसून गोळ्या झाडल्या होत्या, त्यामुळे तो क्षण लहान नव्हता. पण पुढे काय झालं? समेट घडवणाऱ्या टोळीनायकांपैकी क्लॉडी मासपला पोलिसांनी १९७९ मध्ये गोळ्या घातल्या, आणि १९८० च्या निवडणूक वर्षात सुमारे आठशे माणसं मारली गेली.

त्याच रात्री, मार्लीच्या आधी, पीटर टॉश मंचावर आला होता. त्यानं पुढाऱ्यांसमोर गांजा पेटवला आणि गाण्यांच्या मध्ये त्यांना यथेच्छ सुनावलं. शांतता नको, समान हक्क आणि न्याय द्या, हे तो आदल्या वर्षीच्या 'इक्वल राइट्स'मध्ये गाऊन बसलाच होता. त्याचा टी-शर्टावर घालण्याजोगा फोटो कोणी काढला नाही. काही महिन्यांत पोलिसांनी त्याला कोठडीत अर्धमेला होईस्तोवर बडवलं. ज्या गांजासाठी हे, तो थोड्या प्रमाणात जवळ बाळगणं जमैकानं २०१५ मध्ये गुन्ह्यातून वगळलं. टॉश १९८७ मध्येच मारला गेला होता.

या संगीताची भक्ती करावी असं मला वाटत नाही. मार्लीचं 'वॉर' हे इथिओपियाच्या हाइले सेलासीच्या संयुक्त राष्ट्रांतल्या १९६३ च्या भाषणावर बेतलंय. भाषण उत्तमच आहे, पण तो सम्राट होता, त्याच्या राज्यात वोलो प्रांतात माणसं उपासमारीनं मरत असताना दरबार गप्प होता, आणि १९७४ मध्ये लष्करानं त्याला खाली खेचलं. रास्ताफारी, म्हणजे मार्लीच्याच जमैकन पंथाचे लोक, त्याला देव मानतात. हे माझ्या घशाखाली उतरत नाही. रेगेतून पुढे निघालेल्या डान्सहॉल या प्रकारात समलिंगी माणसांना मारा म्हणणारी गाणी आली, तीही त्याच स्पीकरांवर वाजली. माइक गल्लीच्या हाती आला की गल्लीतलं विषही त्यातून येतं.

आणि मॉरिशस. तिथल्या उसाच्या मळ्यांत आपल्या कोकणातले आणि घाटावरचेही लोक गेले, गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते, मराठी शाळांत शिकवतात. पण त्यांच्या आधी त्या मळ्यांत गुलाम होते, आणि गुलामांचे वंशज, क्रिओल, आजही त्या समाजाच्या खालच्या पायरीवर आहेत. त्यांच्या रोश ब्वा या वस्तीतल्या जोसेफ रेजिनाल्ड तोपीझनं सेगा हे बेटावरचं संगीत आणि रेगे एकत्र करून सेगे काढलं. मार्लीच्या अल्बमवरून स्वतःचं नाव घेतलं काया. फेब्रुवारी १९९९ मध्ये गांजाबंदीविरोधी मैफलीत गांजा ओढला म्हणून त्याला उचललं, आणि २१ तारखेला पोर्ट लुईच्या पोलीस मुख्यालयातल्या कोठडीत तो मेलेला सापडला, डोक्याला मार लागलेला. बेट कित्येक दिवस पेटलं होतं. वीस वर्षं व्हायच्या आत, नोव्हेंबर २०१८ मध्ये, युनेस्कोनं रेगेला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून मान दिला. ती बैठक भरली होती पोर्ट लुईतच.

वारसा म्हटलं की मला काचेचं कपाट दिसतं, आणि रेगे काही तिथे बसलेलं नाही. क्वीन इफ्रिकानं २००७ च्या सुमाराला 'डॅडी' हे गाणं काढलं, घरातच बापाकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचारावर, मुलीच्या तोंडून. ज्या परंपरेत बाई बहुधा मागे कोरसमध्ये उभी असायची, तिथे ती पुढे आली आणि पत्ता रस्त्यावरून थेट घरात नेला.

कोणाला सुरुवात करायची असेल तर बर्निंग स्पिअरपासून करा, मग टॉश, मग 'फोर्सेस ऑफ व्हिक्टरी', आणि बर्मिंगहॅमच्या स्टील पल्सचा १९७८ चा 'हँड्सवर्थ रिव्होल्यूशन'. मार्ली शेवटी ऐका, म्हणजे तो नव्यानं ऐकू येईल. फोनच्या स्पीकरवर मात्र नको. त्यात बेस येतच नाही आणि निम्मं म्हणणं तिथेच गळतं. मामांच्या मुलाकडे मंडपाचे स्पीकर असतात. एका रविवारी आम्ही त्यांवर सॉनीचं पत्र लावलं. खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या तशा समोरच्या काकू दारात आल्या. "कोणाचं लग्न आहे का?"

"लग्न नाही," मामा म्हणाले, "केस चालू आहे."

"मग जरा हळू चालवा. यांची आत्ताच झोप लागलीय."